अक्कम्माचं दर्शन

चहा घेऊन शिवलीला आतल्या खोलीत गेली तेव्हा एक अनोळखी बाई तिच्या सासूच्या, अक्कम्माच्या, पायांवर कपाळ टेकून बसली होती. नुसती वाकलेली नव्हती. फरशीवर बैठक मारून, पलंगावरून खाली सोडलेली दोन्ही पावलं हातांत धरून, डोळे मिटून बसली होती. बाजूला नारळ, केळी, उदबत्तीचा पुडा. उशाशी शिवलीलाची थोरली नणंद गुरुबाई उभी होती आणि देवळात रांग पुढं सरकवणाऱ्या माणसाच्या सुरात सांगत होती की उठा आता, अव्वाला फार वेळ बसवत न्हाई. बाई उठली. निर्ण्याहून आले म्हणाली, पहिल्या गाडीनं निघाले, लेकीचं दोनदा पोटातच गेलंय, आता पुन्हा दिवस राहिलेत, अव्वांनी तिच्या नावानं नुसता हात ठेवला तर बरं होईल. गुरुबाईनं आईचा हात मनगटाला धरून उचलला आणि त्या बाईच्या डोक्यावर ठेवला. हात ठेवला तसा क्षणभर राहिला, मग घसरला आणि पलंगाच्या कडेवर उपडा पडला. अक्कम्मा समोरच्या भिंतीकडं बघत होती. बाईला मात्र पाहिजे ते मिळालं होतं. ती पदर डोळ्यांना लावून रडायला लागली, आणि शिवलीलाच्या हातातला चहा कपातून बशीत, बशीतून ट्रेमध्ये सांडत गेला. हात थरथरतायत ते भक्तीनं, असं त्या बाईला वाटलं असावं, कारण जाताना ती शिवलीलाच्याही पाया पडली. भाग्यवान आहेस गं माय, म्हणाली, असल्या माणसाची सेवा घडायलीय.

स्वयंपाकघरात येऊन शिवलीलानं ट्रे ओट्यावर आदळला नाही. आदळायची तिला सवयच नव्हती. तिनं तो हळूच ठेवला, आणि त्या हळूच ठेवण्याचाच तिला जास्त राग आला. त्रेपन्न वर्षांची झाली, कलबुर्गीतलं हे दुमजली घर तिच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं, नवरा गुरुबसव गंजातल्या धान्यबाजारात तुरीची अडत सांभाळतो, लेक हैदराबादेत नोकरी करते, आणि तिला अजून एक भांडं आदळता येत नाही. खिडकीतून ती बाई फाटकापाशी वळून वळून हात जोडताना दिसत होती. उद्या ती निर्ण्यात जाऊन सांगेल, परवा तिथून आणखी दोघी येतील. गेल्या पंधरवड्यात असंच होत आलं होतं. आधी गल्लीतल्या बाया, मग गावाकडचे, करजगीचे भावकीतले लोक, मग कुणाच्या तरी ओळखीचे कुणीतरी. सगळे चपला काढून, आवाज खाली घेऊन, आतल्या खोलीत जायचे. तिथं नवं इरकली लुगडं नेसवलेली, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेली अक्कम्मा भिंतीला टेकवून बसवलेली असायची. अव्वानं अन्न सोडलंय, असं गुरुबाई सांगायची. मन लिंगात लावलंय, आता तिला ह्या जगातलं काही नको. आणि ऐकणारे हळहळायचे नाहीत, त्यांचे डोळे चमकायचे.

अन्न सोडलं नव्हतं, सुटलं होतं. एवढ्या एका शब्दाच्या फरकात एक म्हातारी मरायला लागली होती आणि तो फरक ह्या घरात फक्त शिवलीलाला माहीत होता. सासरे अमृतप्पा उन्हाळ्याच्या शेवटी गेले. त्यानंतर अक्कम्मा पहिल्यासारखी बोलत नाही हे सगळ्यांनीच पाहिलं होतं, पण वेळ अमावस्येपर्यंत ती निदान दोन घास पोटात ढकलत होती. वेळ अमावस्येला सगळे उभ्या पिकाची पूजा करून तिथंच जेवायला करजगीच्या रानात गेले. दरवर्षी कडब्याच्या खोपीपुढं उभी राहून कुणी आंबील सांडली, कुणी शेंगा-पालेभाज्यांची भज्जी कमी आणली असा सगळ्यांचा उद्धार करणारी अक्कम्मा त्या दिवशी गाडीतून उतरलीच नाही. ताट गाडीत नेऊन दिलं. दुपारी शिवलीला बघायला गेली तर ताट मांडीवर तसंच, भज्जीवर मुंग्या चढलेल्या, आणि अक्कम्मा मुंग्यांकडं बघत बसलेली. झाडत नव्हती. हातावर चढल्या तरी झाडत नव्हती. शिवलीलानं ताट उचललं, हात पुसला, आणि तेव्हा पहिल्यांदा तिनं त्या डोळ्यांत नीट बघितलं. तिथं लिंगही नव्हतं, नवराही नव्हता. तिथं काहीच नव्हतं. आणि ते काहीच नसणं शिवलीलाच्या चांगल्या ओळखीचं होतं.

लोक म्हणत होते की नवऱ्यामागं चाललीय. शिवलीलाला हसू यायचं, कडू. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या संसारात अक्कम्मा अमृतप्पांच्या पुढ्यात ताट ठेवून पाठ फिरवायची ती काय पतिव्रता म्हणून? आणि पूजा म्हणाल तर अक्कम्माच्या पूजेचं पाणी रोज शिवलीलाच भरून ठेवत होती, आणि रोज संध्याकाळी तेच पाणी तसंच्या तसं उचलून झाडांना घालत होती. लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईनं पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेतलेला तिनं पाहिला नव्हता, त्या बाईनं कित्येक आठवड्यांत गळ्यातल्या लिंगाला हात लावला नव्हता. मन लिंगात लावलंय म्हणे. कपाळावरची विभूती सकाळी गुरुबाई लावायची, पाहुणे यायच्या आधी, तीन बोटं भरून, लहान पोरीला स्नेहसंमेलनासाठी नटवावं तशी. अक्कम्मा कपाळ पुढंही करायची नाही आणि मागंही घ्यायची नाही.

शिवलीलानं सांडलेला चहा पुसला, पुन्हा आधण ठेवलं, आणि आधणाकडं बघता बघता करजगीच्या जुन्या घराचं मातीचं छत, ते माळवद, तिच्या डोक्यावर आलं. त्या माळवदाच्या लाकडी सऱ्या तिनं बाळंतपणानंतर इतक्या मोजल्या होत्या की कुठल्या सरीला कुठं गाठ आहे ते तिला आजही सांगता आलं असतं. लेक शैलश्री माहेरी, खजुरीला झाली. तिसऱ्या महिन्यात अक्कम्मानं जीप पाठवून सून आणि नात घेऊन आणली, आणि त्या जीपमधून जी उतरली ती शिवलीला नव्हतीच, तिचं कातडं होतं. लेकरू रडायचं ते शेजारच्या घरात रडल्यासारखं ऐकू यायचं. दूध यायचं, पोलकं भिजायचं, आणि तिला वाटायचं की हे कुणाचं तरी दुसऱ्याचं अंग आहे, ते गळतंय, आपल्याला काय. भाकरीला चव नव्हती, पाण्याला नव्हती. केस विंचरायचे तर हात खांद्यापर्यंत न्यायचा कसा हे आठवायचं नाही. दुःख होतं का, तर तेही नव्हतं. दुःख झालं असतं तर ती रडली असती, आणि रडली असती तर कुणाला तरी कळलं असतं. बाया यायच्या बाळ बघायला, आणि अक्कम्मा सोप्यातूनच मोठ्यांदा सांगायची की आमच्या सूनबाईनं लेकरू न्हाई काढलं, राज्य जिंकलंय, त्याचं सोंग चालू आहे. एकदा तिनं अंगावरची वाकळ ओढून काढली आणि तुरीची पाटी मांडीवर आदळली, निवड म्हणाली, हात चालले की डोकं चालंल. लेकराला गाईचं दूध पाजलं आणि गावभर सांगितलं की हिला दूध न्हाई. त्या वेळी शिवलीलाच्या अंगाला दुधाचा आंबूस वास मारत होता.

म्हणजे तेच डोळे. तेच हात, उचलून ठेवले तिथं राहणारे. भाकरी पुढं असून दिसत नाही ते तेच. तेव्हा ते सोंग होतं आणि आता ते वैराग्य आहे. तेविसाव्या वर्षी तिला झालं तेव्हा शिव्या, आणि शहात्तराव्या वर्षी हिला झालं तेव्हा नारळ. शिवलीलाला वाटलं, आत्ता आत जावं आणि त्या इरकली लुगड्याचा पदर धरून विचारावं, सांगा आत्या, आता कुणी तुरीची पाटी आदळायची? आणि त्या विचारासरशी तिला इतकं बरं वाटलं की ती घाबरली. मरू दे की, असं कुणीतरी तिच्याच आवाजात म्हणालं. तू कामून मधी पडायलीस? पाया पडून घेऊन मरायलीय, तुझ्यासारखी वाकळीत तोंड घालून न्हाई. मरू दे. ती गॅसच्या आचेकडं बघत उभी राहिली. चहा उतू गेला.

पण राग एकट्या अक्कम्मावर ठेवून भागत नव्हतं. राग माणसावर ठेवला तर माणसाएवढाच राहतो, आणि हा त्याच्याहून मोठा होता. खजुरीला ती वयात आली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा असं झालं होतं. शाळेत पहिली येणारी मुलगी दिवसच्या दिवस धान्याच्या खोलीत पोत्याला टेकून बसायची, आणि आई म्हणायची, वयात आलं की होतं असं. बाळंतपणात झालं तेव्हा खजुरीहून भेटायला आलेली तीच आई म्हणाली, पहिलटकरणीला होतं असं. पाळी जायच्या वेळी पुन्हा झालं. ती पोळ्या लाटता लाटता थांबायची आणि लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहायची, तेव्हा गुरुबसवनं कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या आणि म्हणाला, ह्या वयात बायकांना होतं असं. आणि आता अक्कम्मा, तर पिकलेलं पान. बाईच्या आयुष्यात असं एकही वय नव्हतं ज्या वयात असं होत नाही. म्हणून कुणाला कधी काही बघायचंच नव्हतं. पुरुषाचं पोट दुखलं तर सोलापूरला नेतात, आणि बाईचा जीव विझला की तिचं वय विचारतात.

त्या पाळीच्या वेळेला मात्र तिनं एक गोष्ट केली होती आणि ती घरात कुणालाच माहीत नव्हती. भजनाला जाते सांगून ती एका दुपारी डोक्याच्या डॉक्टरीणबाईकडं गेली. ज्योती नावाची ती डॉक्टरीण वयानं तिच्याहून लहान, पण तिनं नवऱ्याचं नाव न विचारता आधी झोप विचारली. वर्षभर शिवलीलानं गोळ्या खाल्ल्या. पापडखाराच्या डब्यात ठेवायची, कारण तो डबा दुसरं कुणी उघडत नसे. हळूहळू एक दिवस तिला कढीपत्त्याचा वास आला, नुसता वास, फोडणीचा, आणि ती ओट्यापाशी उभी राहून रडली. एवढं सोपं होतं. तीस वर्षांपूर्वी कुणी एकानं कलबुर्गीपर्यंत आणलं असतं तर शैलश्रीचं पहिलं वर्ष तिला आठवलं असतं. आज तिला लेकीचं पहिलं पाऊल आठवत नाही, पहिला दात आठवत नाही, माळवदाच्या सऱ्या आठवतात.

संध्याकाळी गुरुबसव घरी आला, हातपाय धुऊन, आईच्या खोलीत डोकावून, झोपाळ्यावर बसला. गुरुबाई आणि तिचा मुलगा प्रशांतकुमार तिथंच होते. सोमवारी मठातले स्वामी, अय्या, येणार होते, तेच बोलणं चाललं होतं. पेंडॉल घालायचा का अंगणात भागेल, प्रसादाला काय करायचं. प्रशांतकुमारनं फोनवर फ्लेक्सचा नमुना दाखवला. अक्कम्माचा कुठल्याशा लग्नातला फोटो कापून घेतलेला, मागं केशरी तेजोवलय, खाली कन्नडमध्ये आणि मराठीत तिचं नाव. शिवलीलानं फोटो बघितला. त्या लग्नात अक्कम्मा वाढप्यावर ओरडत होती, म्हणून तोंड अर्धं उघडं होतं. फ्लेक्सवर ती एखादं भक्तीचं वचन म्हणत असल्यासारखी दिसत होती.

आत्याला डॉक्टरला दाखवू या, असं शिवलीला म्हणाली. गुरुबसव म्हणाला दाखवलंय की, बीपी, शुगर, सगळं ठीक आहे. ती म्हणाली तो डॉक्टर न्हाई, डोक्याचा. झोपाळा थांबला. गुरुबाई हसली आणि म्हणाली, माझ्या आईला येड लागलंय म्हणायलीस का. मग गुरुबसव बायकोला समजावून सांगायच्या सुरात बोलायला लागला. हा सूर त्यानं व्यापाऱ्यांशी बोलून बोलून कमावला होता. आपल्या अव्वाला असं मरण येतंय हे घराण्याचं पुण्य आहे म्हणाला, लोक आयसीयूत नळ्या लावून मरायलेत. तिनं आयुष्यभर केलं सगळ्यांचं, आता तिच्या मनासारखं जाऊ दे.

"तिच्या मनात काय आहे ते तुम्ही विचारलंत का?" शिवलीला म्हणाली.

"ती बोलत न्हाई तर विचारायचं काय?"

"बोलत न्हाई म्हणूनच म्हणायलेय."

गुरुबाईनं भावाकडं बघितलं. शिवलीला आत गेली. तिच्या लक्षात आलं ते एवढंच, की सोमवारी अय्या येऊन गेले, फ्लेक्स लागला, प्रसाद वाटला, की मग अक्कम्माला जेवायची सोय उरणार नाही. भूक लागली तरी उरणार नाही. एवढी माणसं पाया पडून गेल्यावर तिनं भाकरी मागितली तर ती सगळ्यांची फसवणूक होईल. तिला मरावंच लागेल, आणि वेळेवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुबाई पूजेचं सामान आणायला सुपर मार्केटकडं गेली, तशी शिवलीलानं गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली रिक्षा बोलावली. अक्कम्माला उठवताना तिला वाटलं होतं की जड जाईल. जडच गेलं नाही. काखेत हात घालून उचललं तर ती बाई वाळत घातलेल्या लुगड्यासारखी वर आली, आणि त्या हलकेपणानं शिवलीलाचा राग असा पेटला की तिच्या तोंडून शिवी गेली. आयुष्यात पहिल्यांदा. कुणाला दिली ते तिलाही कळलं नाही. दारापुढच्या पायऱ्यांवरून उतरवताना समोरच्या घरातली बाई हात जोडून उभी राहिली, आणि शिवलीला तिला म्हणाली की बाजूला व्हा, आजारी माणूस हाय. रिक्षात बसल्यावर तिनं गुरुबसवला फोन केला. कुठं नेतेय ते सांगितलं, परवानगी विचारली नाही. तो काहीतरी बोलत होता तेव्हा तिनं फोन पर्समध्ये ठेवला आणि म्हातारीच्या पाठीमागून हात घालून खांदा घट्ट धरला, कारण रिक्षा वळणावर उडत होती.

दवाखान्यात त्यांचा नंबर लागेपर्यंत गुरुबसव स्कूटरवरून पोचला होता. गर्दी होती म्हणून तो ओरडला नाही. तिघं आत गेली, तशी डॉक्टर ज्योतीनं चष्म्यावरून बघितलं आणि सहज म्हणाली, "शिवलीलाबाई, तुम्ही कशा आहात? झोप व्यवस्थित लागते ना आता?" शिवलीला म्हणाली लागते. गुरुबसवनं आधी डॉक्टरकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि मग तो खुर्चीत बसला.

डॉक्टरनं अक्कम्माशी कन्नडमध्ये बोलून बघितलं, मराठीत बोलून बघितलं. नाडी बघितली, जिभेचा कोरडेपणा बघितला, खाणं केव्हापासून बंद ते विचारलं, रडतात का, पहाटे जाग येते का. शिवलीला उत्तरं देत गेली. मग डॉक्टरनं विचारलं, पूर्वी घरात कुणाला असं झालं होतं का?

"न्हाई," गुरुबसव म्हणाला. "आमच्या घरात असलं काही न्हाई."

"झालं होतं," शिवलीला म्हणाली. "मला. शैलश्रीच्या वेळी."

गुरुबसव खाली बघत म्हणाला की ती सून आहे, डॉक्टर रक्ताचं विचारायलेत. डॉक्टरही म्हणाली की हो, ते वेगळं धरावं लागेल, आणि ते खरंच होतं. त्या खरेपणाचाच शिवलीलाला संताप आला. इथंही धरायचं नाही. तीस वर्षांनी तोंड उघडलं तर ते ह्या रकान्यात बसत नाही.

"तिला झालतं."

आवाज इतका बारीक होता की आधी कुणाला कळलंच नाही तो कुठून आला. अक्कम्मा भिंतीकडंच बघत होती. ओठ कोरडे पडून चिकटले होते, ते सोडवायला तिला वेळ लागला.

"झालतं तिला," ती पुन्हा म्हणाली. "मला ठाऊक व्हतं. रातच्याला मी तिच्या दारात आडवी निजायचे. आडाकडं जाईल म्हून."

शिवलीलाला आठवलं. खरंच निजायची. उंबऱ्याला लागून, अंगावर काही न घेता, दार उघडलं की पाय अडखळावा अशी. शिवलीलानं तेव्हा तो पहारा मानला होता, सासूची खोड, सुनेला नवऱ्याकडं जाऊ द्यायचं नाही म्हणून घातलेली धोंड. आणि आता हे. कुणाला वाटेल की हे ऐकून तिचं मन विरघळलं असेल. नाही विरघळलं. उलट आतून काहीतरी तडकन तुटलं. ठाऊक होतं. म्हणजे सोंग आहे असं वाटून नव्हे, ठाऊक असून. रात्री जिवाला जपायची आणि दिवस उगवला की सोप्यात बसून नाटकी म्हणायची. अडाण्यासारखी वागली असती तर माफ करता आलं असतं, अडाणी माणसाला काय बोलायचं. पण हिला ठाऊक होतं.

"ठाऊक होतं तर दवाखान्यात कामून नेलं न्हाई?" तिनं विचारलं. आवाज चढला, बाहेरच्या बाकावरच्या माणसांनीही ऐकला असेल. गुरुबसवनं तिच्या दंडाला हात लावला, तो तिनं झटकला.

अक्कम्मानं कोरडे ओठ पुन्हा सोडवले. मग म्हणाली, "मला कुणी नेलतं?" आणि पुन्हा भिंतीकडं बघत राहिली. कधी, कुठल्या बाळंतपणात, तिच्या दारात कुणी निजलं होतं का, ह्यातलं काहीच तिनं सांगितलं नाही. डॉक्टरनं विचारून बघितलं, पण त्या दिवशी ती पुढं बोलली नाही.

डॉक्टरनं भरती करून घ्यायला सांगितलं. अंगात पाणी नव्हतं, सलाइन लावावं लागणार होतं, आणि औषधाचा गुण दिसायला दोन-तीन आठवडे जातील असं ती म्हणाली. सही करायची होती. गुरुबसव पेन हातात घेऊन उभा राहिला. सोमवारचं काय सांगायचं, गुरुबाई अक्काला काय सांगायचं, असं त्यानं विचारलं ते डॉक्टरला नव्हतं आणि बायकोलाही नव्हतं. शिवलीला म्हणाली, सांगा की अव्वा आजारी आहे. एवढंच सांगा, बाकीचं लोकांना नका सांगू. त्यानं सही केली. मग जिन्यापाशी थांबून, पाठमोरा असतानाच, त्यानं विचारलं की गोळ्या किती दिवस खाल्ल्यास. वर्षभर, ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि खाली गेला. ती त्याच्यामागं गेली नाही. त्याचा हिशेब तिला अजून करायचा होता, पण एका दिवशी एकाचा पुरे होता.

गुरुबाई दवाखान्यात आली, रडली, भांडली, माझ्या आईची बदनामी केलीस म्हणाली, आणि सोमवारी अय्या येऊन गेले त्याची हकीकतही तिनंच रागारागानं सांगितली. अय्यांनी फक्त विचारलं होतं की अव्वा कुठं आहेत, आणि दवाखान्यात आहेत म्हटल्यावर म्हणाले की बरं केलं, आणि ताक पिऊन गेले. गुरुबाईला त्यांचंच जास्त लागलं होतं. फ्लेक्स प्रशांतकुमारच्या गाडीत गुंडाळून पडला. निर्ण्याकडून आलेल्या कुणी दोघी वॉर्डच्या दारापर्यंत आल्या, पण सलाइनची बाटली आणि अंगातला दवाखान्याचा हिरवा झगा बघून परत गेल्या. विभूती कुणी लावली नाही. कपाळ उघडं पडल्यावर अक्कम्मा पहिल्यांदा नुसती म्हातारी दिसायला लागली, आजारी आणि चिडकी.

सलाइन निघालं त्या दिवशी सकाळी शिवलीलानं घरून जोंधळ्याच्या कण्या शिजवून आणल्या, ताकात कालवल्या, मीठ घातलं. वॉर्डमध्ये ऊन आलं होतं. तिनं चमचा पुढं केला. अक्कम्मानं तोंड फिरवलं नाही, पण उघडलंही नाही. शिवलीला चमचा धरून बसली. हात दुखायला लागला. गेल्या कित्येक दिवसांचं जागरण, रिक्षा, गुरुबाईचे टोमणे, हे सगळं त्या हातात उतरलं, आणि तीस वर्षांपूर्वीची तुरीची पाटीही. तिला कळलं की ती ह्या बाईला प्रेमानं वाचवत नव्हती. दयेनंही नव्हे.

"आत्या," ती म्हणाली, "तुम्ही एवढ्यात मरायचं न्हाई. मला तुमच्याशी भांडायचंय."

अक्कम्माचे डोळे हलले. भिंतीवरून निघाले आणि सुनेच्या तोंडावर येऊन थांबले. त्यांना यायला बराच वेळ लागला, लांबून आल्यासारखा.

"भांड की," अक्कम्मा म्हणाली.

आणि शिवलीला भांडायला लागली. चमचा पुढं धरूनच. जीप खजुरीला आली त्या दिवसापासून तिनं सुरुवात केली, वाकळ कशी ओढलीत ते सांगितलं, बायांसमोर काय काय बोललात ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्स दारातून डोकावली आणि परत गेली. शिवलीला थांबली नाही. बोलता बोलता घास पुढं सरकत होता, आणि अक्कम्मा तो घेत होती, चावायच्या आधी थांबून, ऐकून, मग गिळून. दूध असताना गावभर न्हाई म्हणून सांगितलंत, असं शिवलीला म्हणाली तेव्हा अक्कम्मानं हात वर केला. थांब म्हणून. तोंडातलं गिळलं.

"ते खोटं हाय," ती म्हणाली. "गावभर न्हाई. नुसतं शेजारच्या यल्लम्माला सांगितलं व्हतं."

"एकीला सांगितलं की गावालाच सांगितलं," शिवलीला म्हणाली, आणि पुढचा चमचा भरला.